खुर्च्या भरलेल्या, गळे बंद

मैदानी खेळांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. कबड्डी आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटवर पत्रांचा ढीग पडेल अशी अपेक्षा होती आणि तो पडलाही. परंतु सर्वांत लांब आणि सर्वांत बोलके पत्र आले ते हॉकीविषयी, तेही बर्फावरच्या हॉकीविषयी. त्या पत्राशी जुळणारे आणखी काही प्रश्न हाती होते, म्हणून हा महिना हॉकीच्या प्रेक्षकांना दिला आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी देवरुखजवळच्या एका गावातला निवृत्त शिक्षक आहे. गेल्या हिवाळ्यात कॅनडातील एका मोठ्या शहरात मुलीकडे राहिलो असताना जावयांनी मला आणि सौ.ला व्यावसायिक आइस हॉकीचा सामना दाखवायला नेले. तिकिटाची किंमत कोणी सांगितली नाही. जावयांच्या चेहऱ्यावरून अंदाज आला. प्रेक्षागृह काठोकाठ भरले होते. खेळ इतका वेगवान की पहिली दहा मिनिटे मला चेंडूऐवजी वापरतात ती काळी चकती दिसलीच नाही. पण माणसे गप्प. गोल झाला की उठायची, टाळ्या वाजवायची आणि पुन्हा बसायची. मधूनच वर टांगलेल्या पडद्यावर ‘आवाज करा’ अशी अक्षरे झळकायची, तेव्हा ती आवाज करायची. अक्षरे गेली की थांबायची. न राहवून मी एकदा ‘अरे, मार!’ असे ओरडलो, तर पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. सौ. म्हणाली, आपल्या देवळातल्या भजनाच्या डबलबारीला याच्या दहापट दणका असतो. याला शिस्त म्हणायचे, की त्या लोकांना खेळात रसच नाही असे समजायचे?

उत्तर : शहराचे नाव आपण लिहिले नाही ते बरेच झाले, कारण आपले वर्णन उत्तर अमेरिकेतल्या एकाहून अधिक प्रेक्षागृहांना जसेच्या तसे लागू पडते आणि तेथले जुने रसिकही कित्येक वर्षे हेच रडगाणे गात आले आहेत. रस नसल्याची शंका मात्र मनातून काढून टाकावी. ज्या देशात थंडी पडली की माणसे परसात पाणी सोडून त्याचा बर्फ होऊ देतात आणि त्यावर पोरांना खेळायला सोडतात, त्या देशाला हॉकीचे वेड नाही असे म्हणणे म्हणजे कुडाळ-वेंगुर्ल्याच्या माणसाला दशावताराचे वेड नाही असे म्हणण्यासारखे आहे. वेड आहेच. ते वेड असलेली माणसे त्या रात्री प्रेक्षागृहात कोठे बसली होती, किंबहुना त्यांना आत येणे परवडले होते का, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

एनएचएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये २०२५-२६ च्या हंगामापर्यंत अनेक वर्षे प्रत्येक संघ साखळीतले ८२ सामने खेळत असे आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ४१, घरच्या प्रेक्षागृहात होत. संपूर्ण हंगामाची चांगली जागा एकदम विकत घेणे साध्या पगारदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे. बर्फालगतच्या रांगा त्यामुळे कंपन्या, बँका आणि वकिलांच्या पेढ्या घेऊन ठेवतात आणि ती तिकिटे गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, कधी खूश करायच्या अधिकाऱ्याला दिली जातात. शेजारी गिऱ्हाईक बसलेले असताना गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारा माणूस विरळाच. टोरांटो हे याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण आहे. तेथल्या मेपल लीफ्स संघाने १९६७ नंतर एकदाही लीगच्या विजेत्याचा स्टॅनले करंडक जिंकलेला नाही, तरी त्याच्या सामन्याची खुर्ची सहजासहजी मिळत नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत हा संघ १९३१ साली बांधलेल्या मेपल लीफ गार्डन्समधून नव्या प्रेक्षागृहात गेला, आणि तेव्हापासून दूरचित्रवाणीवर वारंवार दिसणारे एक दृश्य चेष्टेचा विषय होऊन बसले आहे : मध्यंतर संपून खेळ सुरू झालेला असतो आणि कॅमेऱ्यासमोरच्या सर्वांत महागड्या खुर्च्या रिकाम्या असतात, कारण त्यांवर बसणारी मंडळी आतल्या बाजूला अजून खाण्यापिण्यात गुंतलेली असतात.

हे दृश्य आपल्याला अनोळखी वाटू नये. आपल्याकडे भातकापणी उरकल्यावर मळ्यात स्पर्धा भरते तेव्हा मंडपात पुढे मान्यवरांसाठी सोफे मांडलेले असतात, समोर पाण्याच्या बाटल्या आणि पुष्पगुच्छ असतात, आणि त्या सोफ्यांवरून सामन्यात कधी आरोळी उठल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. आरोळी उठते ती गडग्यावर आणि बांधावर बसलेल्या पोरांमधून. नव्या प्रेक्षागृहांत सोफ्यांची जागा वाढली आणि गडगा दूर गेला.

‘दूर गेला’ हे शब्द येथे अक्षरशः घ्यावेत. शिकागो स्टेडियम १९२९ साली उघडले आणि १९९४ पर्यंत तेथे व्यावसायिक हॉकी चालली. माँट्रियलचे फोरम १९९६ च्या मार्चमध्ये बंद झाले. या जुन्या वास्तूंचे सज्जे उभ्या चढणीचे आणि बर्फावर ओणवल्यासारखे होते, त्यामुळे स्वस्त तिकिटाचा माणूसही खेळाडूंच्या डोक्यावर असल्यासारखा बसे. नव्या वास्तूंत खालच्या आणि वरच्या बैठकींच्या मध्ये काचेआडच्या खासगी कक्षांची एक किंवा दोन वलये आली आणि त्यांच्या उंचीने वरचा प्रेक्षक आणखी वर आणि मागे ढकलला गेला. आता थोडे गणित. सारख्याच जोराने ओरडणारी माणसे दुप्पट केली तर आवाजाची पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. मोकळ्या जागेत ऐकणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले तर ती सुमारे ६ डेसिबलने घटते. छपराखाली आवाज परावर्तित होत असल्याने ही घट एवढी तीव्र नसते हे खरे. परंतु गाद्यांच्या खुर्च्या, गालिचे आणि ध्वनिशोषक फळ्या तो परावर्तित आवाजही गिळतात. म्हणजे नऊ हजारांऐवजी अठरा हजार माणसे बसवून जे कमावले, त्याहून जास्त ती लांब आणि गादीवर बसवून गमावता येते. आपल्या देवळाच्या सभामंडपात दोनशे माणसांचा जो दणका होतो त्याचे निम्मे श्रेय त्या ठेंगण्या छपराला आणि फरशीला द्यायला हवे, हे सौभाग्यवतींना अवश्य सांगावे. उरलेले निम्मे श्रेय बुवांचे.

बुवांचा उल्लेख सहज केलेला नाही. आपल्या पत्रातली खरी दुखती जागा आम्हांला पडद्यावरच्या त्या अक्षरांत दिसते. आइस हॉकीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो आणि मध्ये दोन लांब मध्यंतरे असतात; शिवाय एनएचएलमध्ये प्रत्येक सत्रात दूरचित्रवाणीच्या जाहिरातींसाठी तीन वेळा खेळ थांबवला जातो. म्हणजे एका सामन्यात असे नऊ थांबे झाले, आणि शिट्टी वाजून होणारे नेहमीचे खंड वेगळेच. पूर्वी या खंडांत प्रेक्षक आपसांत बोलत, प्रतिस्पर्ध्यांची टिंगल करत, एखादा इरसाल माणूस खणखणीत शेरा मारी आणि आसपासच्या शंभर जणांत हशा पिके. शिकागो स्टेडियममध्ये पहिल्यापासून एक अजस्र ऑर्गन होता हे खरे, पण ऑर्गन वाजवणारा माणूस प्रेक्षकांकडे पाहून वाजवतो. गर्दी पेटली तर तो थांबतो, गर्दी मंदावली तर फुंकर घालतो. आता शिट्टी वाजते त्याच क्षणी ध्वनिवर्धकावर ध्वनिमुद्रित संगीत आदळते आणि खेळ सुरू होईपर्यंत थांबत नाही. त्या कल्लोळात शेजाऱ्याशी बोलणेही कठीण, मग हजारोंनी मिळून घोषणा उचलणे तर दूरच. माणसाला सांगितल्यावर ओरडण्याची सवय लावली की न सांगता ओरडण्याची सवय मोडते.

आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणे घालताना एक जण म्हणतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हा प्रतिसाद इतका सहज येतो, कारण गाऱ्हाणे घालणारा गावातला असतो, त्याचा श्वास कोठे संपतो हे लोकांना ठाऊक असते आणि आपण ‘व्हय म्हाराजा’ म्हटले नाही तर गाऱ्हाणे अडेल ही जाणीवही असते. युरोपातल्या हॉकीत नेमकी ही व्यवस्था टिकून आहे. स्वित्झर्लंड, जर्मनी, स्वीडन या देशांतल्या प्रेक्षागृहांत एका टोकाला उभे राहून पाहण्याची स्वस्त जागा राखलेली असते. तेथे ढोल असतो, आणि एक माणूस खेळाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून घोषणा देत असतो. बिचाऱ्याला गोल दिसत नाहीत, हा त्याच्या भक्तीचा भाग. बर्न शहरातल्या प्रेक्षागृहात सुमारे सतरा हजार माणसे मावतात आणि त्यातला फार मोठा भाग उभ्याने पाहणाऱ्यांचा आहे. युरोपात सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या क्लबांत त्या संघाचे नाव वर्षानुवर्षे पुढे राहिले आहे. तेथे दोन तास गाणी थांबत नाहीत. खेळ रटाळ झाला तरी थांबत नाहीत, आणि यावर काही अमेरिकी रसिकांचा आक्षेप असतो की ही माणसे खेळ पाहतात की नुसतीच गातात? आक्षेप अगदीच पोकळ नाही.

कारण शांततेतही फरक असतो. डबलबारीत गजराला मंडप हलतो, पण बुवा अभंग उलगडत असताना जाणकार श्रोता मान हलवण्यापलीकडे आवाज करत नाही, आणि ती शांतता कंटाळ्याची नसते. मातीच्या मैदानावरच्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम पंचांना ऐकू यायला हवा, म्हणून पूर्वी जुनी माणसे पोरांना दटावत असत. आइस हॉकी हा गोल दुर्मीळ असलेला खेळ आहे; दोन्ही संघांचे मिळून सामन्याला साधारण सहा गोल होतात आणि बाकीचा सारा वेळ गोल होता होता राहण्यात जातो. जाणकार प्रेक्षक त्या ‘होता होता’कडे डोळे लावून बसतो. आपण लक्ष दिले असेल तर चकती गोलखांबाला आपटून परतली तेव्हा अठरा हजार तोंडांतून एकाच वेळी एक ‘आऽ’ निघाला असेल. तो शिकवून येत नाही. आपल्या पुढचे ते गृहस्थ कदाचित अशाच एखाद्या क्षणाची वाट पाहत असतील आणि आपल्या मराठी आरोळीने त्यांची तंद्री मोडली असेल. किंवा ते नुसतेच आखडू असतील. पत्रावरून निवाडा करणे आम्हांला शक्य नाही.

कॅनडाचा माणूस स्वभावतःच मुखदुर्बळ असतो, हे स्पष्टीकरण काही जण देतात. आम्हांला ते पटत नाही, आणि त्याचे कारण विनिपेग. त्या शहराचा संघ १९९६ साली फिनिक्सला नेण्यात आला. पंधरा वर्षे शहराला एनएचएलचा संघ नव्हता, आणि २०११ मध्ये अटलांटाचा संघ तेथे आला. प्रेक्षागृह पंधरा हजारांचे, म्हणजे त्या लीगच्या मानाने लहान. तेथे बाद फेरीच्या सामन्यांना सगळा जनसमुदाय पांढरे कपडे घालून येतो. ही प्रथा १९८७ ची, जुन्या संघाच्या काळातली, आणि ती माणसांनी पंधरा वर्षे मनात जपून ठेवली होती. राष्ट्रगीतात ‘ट्रू नॉर्थ’ हे शब्द आले की सारे प्रेक्षागृह ते दोन शब्द ओरडून म्हणते. एकदा हातचे गेलेले परत मिळाले की माणूस त्याच्यापुढे मख्ख बसत नाही. माँट्रियलच्या फोरमचा निरोप घेताना त्या संघाचे जुने नामांकित खेळाडू, वृद्ध मॉरिस रिशार बर्फावर आले, तेव्हाची टाळी कित्येक मिनिटे थांबत नव्हती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तेही कॅनडाचेच प्रेक्षक होते.

पुन्हा जाणे झाले तर जावयांना वरच्या, स्वस्त रांगेची तिकिटे काढायला सांगावे, आणि शक्य असल्यास बाद फेरीचा सामना निवडावा. साखळीतल्या घरच्या सामन्यांपैकी एखाद्या मंगळवारच्या रात्री माणूस अर्धा कामावरच असतो.

प्रश्न : परदेशातल्या भरलेल्या प्रेक्षागृहातली शांतता राहू द्या. मी चिपळूणचा, नोकरीनिमित्त मुंबईत होतो तेव्हा चर्चगेटच्या मैदानावर हॉकीचे मोठमोठे सामने पाहिले आहेत. राष्ट्रीय संघातले खेळाडू समोर खेळत आणि आम्ही पाच-पन्नास जण बघत असू. आपला राष्ट्रीय खेळ म्हणवतात, मग तो पाहायला माणसे का नसतात?

उत्तर : ‘राष्ट्रीय खेळ’ हा लौकिक आहे, शासकीय दर्जा नाही, एवढे आधी नोंदवतो. बाकी आपली व्यथा खरी आहे आणि तिचे एक कारण आपण पाहिलेल्या संघांच्या नावांतच सापडेल. एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स, पश्चिम रेल्वे, भारत पेट्रोलियम, टाटा यांसारख्या संस्थांच्या संघांनी मुंबईची आणि देशाची हॉकी पिढ्यान्पिढ्या सांभाळली, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, घरे उभी केली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण चिपळूणच्या माणसाने अमुक एका खात्याच्या संघासाठी घसा का बसवावा? गाव, वाडी, पेठ, निदान शाळा, यांपैकी कशाचे तरी नाव संघाला लागते तेव्हा आरोळी आपोआप निघते. संस्थांच्या संघांना खेळाडू मिळाले, प्रेक्षक मिळाले नाहीत.

हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हा शहरांच्या नावांचे संघ आले, मुंबईलाही संघ मिळाला. पण लीग २०१७ नंतर बंद पडली. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते, त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता, आणि सगळे सामने राउरकेला व रांची या दोनच ठिकाणी ठेवले होते. आयोजनाच्या खर्चाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु त्या हंगामात तमिळनाडूच्या नावाचा संघ हैदराबादच्या नावाच्या संघाशी ओडिशात खेळला तेव्हा घरचा कोण आणि पाहुणा कोण, हे फलकावर वाचूनच कळले.

तरीही राउरकेल्याला माणसे येतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. २०२३ च्या जानेवारीत विश्वचषकासाठी तेथे बिरसा मुंडा स्टेडियम उभे राहिले, वीस हजारांवर खुर्च्यांचे, आणि भारताच्या सामन्यांना ते भरून वाहिले. ते शहर ज्या सुंदरगढ जिल्ह्यात आहे तेथे गावोगाव हॉकी खेळली जाते. भारताचे माजी कर्णधार दिलीप तिर्की त्याच मातीतले. त्या भागात आणि शेजारच्या झारखंडात विजेत्या संघाला बोकड बक्षीस देण्याच्या स्पर्धा भरतात, त्यांना ‘खस्सी’ स्पर्धा म्हणतात, आणि सामना संपल्यावर बक्षिसाचे काय होते हे कोकणातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. असा प्रेक्षक स्वतः काठी धरलेला असतो. चेंडू अडवणे कठीण होते की सोपे, हे त्याच्या मनगटाला कळते, म्हणून दाद नेमक्या जागी पडते. आपल्याकडे कबड्डीला हे भाग्य आहे, हॉकीला नाही.

मोकळ्या मैदानाची एक अडचणही ध्यानात घ्यावी. मैदानी हॉकीचे क्रीडांगण ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते, आइस हॉकीच्या रिंगणाच्या तिप्पटीहून मोठे. वर छप्पर नाही आणि बऱ्याच ठिकाणी बैठकी एकाच बाजूला. आपण पाच-पन्नास जणांनी कितीही जीव तोडला असता तरी तो आवाज आकाशात गेला असता.

जाता जाता एक आठवण. ४१ वर्षांनी भारताला हॉकीत ऑलिंपिक पदक मिळाले ते टोकियोत, ५ ऑगस्ट २०२१ रोजी, जर्मनीवर ५-४ अशी मात करून. आणि साथीच्या निर्बंधांमुळे त्या मैदानावर तिकीट काढून आलेला एकही प्रेक्षक नव्हता. शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला, गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला आणि नंतर स्वतः गोलखांबावर चढून बसला. ज्या दिवशी देशाने सर्वाधिक ओरडायला हवे होते त्या दिवशी मैदानावर खेळाडूंच्याच हाका ऐकू येत होत्या. आम्ही मात्र घरी इतके ओरडलो की शेजारच्यांनी येऊन चौकशी केली.

प्रश्न : साथीच्या काळात परदेशी सामन्यांत प्रेक्षक नसतानाही गर्दीचा आवाज येत असे. तो आवाज खोटा होता का? आणि त्याचा खेळाडूंना उपयोग होतो का? – मालवण

उत्तर : होय, ध्वनिमुद्रित होता. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एनएचएलने आपली बाद फेरी टोरांटो आणि एडमंटन या दोन शहरांत, सर्व संघांना बाहेरच्यांपासून वेगळे ठेवून, रिकाम्या प्रेक्षागृहांत खेळवली. हॉकीच्या व्हिडिओ गेमसाठी जे गर्दीचे आवाज साठवलेले होते तेच तेथे वापरले गेले. टँपा बेच्या संघाने २८ सप्टेंबरला एडमंटनमध्ये डॅलसला हरवून करंडक उचलला तेव्हा समोर कापडाने झाकलेल्या खुर्च्या होत्या.

उपयोगाविषयी आमचे मत असे की पाहणाऱ्याला झाला असेल, खेळणाऱ्याला फारसा नाही. खऱ्या गर्दीचा आवाज कृतीच्या किंचित आधी चढू लागतो. खेळाडू मोकळा सुटला हे वरच्या रांगेतल्या माणसाला खालच्या बचावपटूच्या आधी दिसते आणि तो श्वास रोखतो किंवा किंचाळतो. यंत्रावर बोट ठेवून बसलेला माणूस नेहमी क्षणभर मागे राहतो. दशावतारात पखवाजवाला राक्षसाच्या पावलाच्या आधी थाप टाकतो की नंतर, यावर सगळी रंगत असते, तसेच हे आहे.

प्रश्न : सामन्यात प्रेक्षक बर्फावर मासे फेकतात असे वाचले. खरे आहे का? – अलिबाग

उत्तर : डेट्रॉइटमध्ये ऑक्टोपस फेकतात. ही प्रथा १५ एप्रिल १९५२ ची. मासळीच्या धंद्यातल्या दोन भावांनी ती सुरू केली. त्या काळी करंडकासाठी बाद फेरीत आठ सामने जिंकावे लागत आणि ऑक्टोपसला आठ हात, एवढाच त्यातला हिशेब. नॅशव्हिलमध्ये कॅटफिश येतो. एका खेळाडूने तीन गोल केले तर सगळीकडेच टोप्या फेकल्या जातात. व्यवस्थापनाला यातले काही आवडत नाही, कारण बर्फ साफ करीपर्यंत खेळ खोळंबतो. कोळीवाड्यात वाढलेल्या आमच्या एका मित्राचे यावर एवढेच म्हणणे पडले की ती मासळी शिजवता आली असती.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. यंदा आमच्या मैदानावर मुलींच्या शालेय हॉकीचे सामने घ्यायचे ठरले आहे. मागच्या वेळी डीजे लावला होता, तरी सामना निर्जीव वाटला. मुलांना आणि पालकांना बोलते करण्यासाठी काय करावे?

उत्तर : बाई, ‘तरी’ नव्हे, डीजे लावला म्हणूनच तो निर्जीव वाटला असण्याचा संभव अधिक आहे. कारणे वरच्या पहिल्या उत्तरात आली आहेत. ध्वनिवर्धक एकच ठेवावा, तो समालोचकाकडे असावा, आणि समालोचक गावातला, मुलींना नावाने आणि वाडीने ओळखणारा असावा. टेनिस चेंडूच्या क्रिकेटला आपल्याकडे जी गर्दी होते त्यात या समालोचकांचा वाटा मोठा आहे.

प्रेक्षकांना चहूकडे पांगू देऊ नये. दोनशे माणसे असतील तर दोरी लावून एकाच बाजूला, मधल्या रेषेजवळ, दाटीने आणि उभी करावीत. खुर्च्या वयस्करांपुरत्या ठेवाव्यात आणि मान्यवरांचा मंडप शक्यतो समोरच्या बाजूला न्यावा. शिमग्यात ढोल वाजवणारी दोन मुले त्या घोळक्यात उभी करावीत आणि फाका घालणारा एखादा मोठ्या गळ्याचा मुलगा त्यांच्यापुढे. घोषणा मुलींनी स्वतः रचाव्यात. शिमग्याचे शब्द त्यांत येणार नाहीत एवढे आपण पाहावे. पेनल्टी कॉर्नर मिळाला की ढोल थांबवण्याची सूचना आधीच द्यावी. त्या वेळी गोलरक्षक आपल्या बचावपटूंना जागा सांगत असते, ते तिच्या मैत्रिणींना ऐकू जायला हवे, आणि ढोल एकदम थांबल्यावर मैदानावर जी शांतता पसरते तिचा ताण लोकांना आवडेल.

गोलांच्या मागे मात्र कोणालाही उभे करू नये, कितीही गर्दी झाली तरी. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि टणक असतो. एनएचएलमध्ये २००२ साली कोलंबस येथे उडालेली चकती लागून प्रेक्षकांतल्या एका लहान मुलीचा मृत्यू झाला आणि त्यानंतरच तेथे दोन्ही गोलांमागे उंच जाळ्या बांधणे सक्तीचे झाले. आपल्याकडे जाळ्याची अडचण पडू नये. बंदरावर विचारले तर वापरातून काढलेले नायलॉनचे जाळे कोणीही देईल. चेंडू आरपार जाणार नाही असे बारीक पाहून घ्यावे, सुकवून वास घालवावा आणि पोफळीच्या चार उंच वाशांवर ताणून बांधावे.